पाच दिवस आधीचा तान्हा पोळा

दाभडखेडात कस्तुराबाईला कोणी कस्तुराबाई म्हणत नाही. शाळेतली पोरं मावशी म्हणतात आणि उरलेलं गाव बिबट्याबाई म्हणतं. हे नाव तिनं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलेलं असल्यामुळे तक्रारीला जागा नाही.

त्याचं असं झालं. कस्तुराबाई शाळेत खिचडी शिजवते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ती तांदूळ काढायला कोठीत गेली आणि अंधारात तिला दोन हिरवे डोळे दिसले. दुसरी बाई किंचाळली असती. कस्तुराबाईनं कोठीला बाहेरून कडी घातली, पोरांना मागच्या दारानं काढलं, शाळेला कुलूप ठोकलं आणि मग गावभर बोंब मारली. काठ्या आल्या, कुऱ्हाडी आल्या, एक गडी घाईघाईत नुसतंच लाटणं घेऊन आला. वनखात्याची गाडी पिंजऱ्यासह आली. दोन तासांनी दार उघडलं, तेव्हा आतून अत्यंत नाराज चेहऱ्यानं जगदेवभाऊंची काळी बकरी बाहेर आली. तिच्या तोंडात पोत्याची सुतळी होती.

जगदेवभाऊ म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. वय पासष्ट, मिशी पांढरी, आवाज असा की त्यांना मोबाइलची गरज केवळ पलीकडच्याचं ऐकण्यापुरती. त्या धसक्यानं बकरीनं तीन दिवस दूध दिलं नाही, असं ते अजून सांगतात. बकरी तेव्हा गाभण होती आणि तसंही दूध देत नव्हती, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

तर अशी ही बिबट्याबाई. माहेर रिठदचं, शिक्षण चौथी, वय पन्नाशीच्या अलीकडे का पलीकडे हे तिलाही नक्की माहीत नाही. तिच्या बापाच्या हातात मोठी कला होती. ज्वारीच्या धांड्यातून तो चाकं, जू, साट्या सगळं असलेली बैलगाडी करायचा. ती कला लेकीच्या बोटांत उतरली. फक्त ती उतरेपर्यंत सगळ्यांनी सोयाबीन पेरायला सुरुवात केली आणि धांडे दिसेनासे झाले. सोयाबीनच्या काडीपासून जगात काहीही बनवता येत नाही, हे कस्तुराबाईचं ठाम मत आहे.

शाळा एकशिक्षकी. उदयसिंग राठोड सर आसेगावला राहतात आणि मोटरसायकलनं येतात. मधे नाल्यावर रपटा आहे, म्हणजे दोन सिमेंटचे पाइप टाकून वर बुटका पूल. जोराचा पाऊस झाला की रपट्यावरून पाणी वाहतं, सर पलीकडे अडकतात आणि अलीकडची शाळा कस्तुराबाईच्या हवाली होते. अकरा पावसाळे हे असंच चाललंय.

शाळेला पत्र्याचं छप्पर आहे. त्यावर पाऊस पडायला लागला की कानाला तोंड लावून बोललं तरी ऐकू येत नाही. पाढे म्हणून उपयोग नाही, गोष्ट सांगून उपयोग नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात कस्तुराबाईनं ठरवलं की तोंडाला सुट्टी, हाताला काम. दोन तळवे जोडून पुढे सरकवले की होडी करायची. तळहातावर तळहात चोळला की माती मळायची. कपाळाला दोन बोटं लावली की बैल. दोन्ही हात खाली दाबले की सगळ्यांनी बसायचं. पोरं या खुणा एका दिवसात शिकली. मक्याच्या सालीच्या बाहुल्या झाल्या, सागाच्या पानांच्या टोप्या झाल्या, चिंचोक्यांची कासवं झाली. खिचडीची डाळ चिकटवून एकदा गणपतीसुद्धा झाला होता, पण तो उंदरांनी खाल्ला. सर दुसऱ्या दिवशी येऊन शाळेच्या दप्तरात लिहायचे, 'कार्यानुभव.'

जगदेवभाऊंनी एकदा हा प्रकार खिडकीतून पाहिला आणि पारावर जाहीर केलं, "बिबट्याबाईनं मुक्याची शाळा काढली बावा. सारे हातवारेच करून राह्यले."

सगळ्यात लाडका खेळ होड्यांचा. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या होड्या करायच्या, प्रत्येकानं आपलं नाव आणि वर्ग लिहायचा आणि शाळेमागच्या नालीत सोडायच्या. नालीचं पाणी पुढे नाल्याला मिळतं. उघाड पडली की पोरं नाल्याकाठी धावत आणि कोणाची होडी रपट्यापर्यंत पोचली ते शोधत. रपट्याला होडी लागलेल्याला खिचडीची खरवड मिळे. अकरा वर्षांत शेकडो होड्या गेल्या. कुठली बुडाली, कुठली झुडपात अडकली, पण सगळ्या गेल्या एकाच दिशेला.

यंदा ऐन पोळ्याच्या तोंडावर झड लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार पाऊस हटला नाही. गुरुवारी सकाळी कस्तुराबाई शाळेत आली तेव्हा भिंतीवर मुंग्यांची रांग वर चढत होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. बेडूक तीन दिवस ओरडून ओरडून गप्प झाले होते. शाळेमागच्या नाल्याचा आवाजही वेगळा होता. एरवी तो खळखळतो. आज तो घशातल्या घशात बोलत होता.

सरांचा फोन आला. पत्र्याखाली काही ऐकू येईना म्हणून ती फोन घेऊन कोठीत गेली.

"मावशी, रपट्यावरून पानी चाललं. पोरं आली काय?"

"आले ना. एकोणीस आले."

"मंग कार्यानुभव घ्या. आन एकाले बी बाहेर सोडू नका. इजा कडाडून राह्यल्या. काई झालं तं मले लिहून द्या लागते."

"बरं," कस्तुराबाई म्हणाली.

त्या दिवशी बैलांचं काम होतं. येत्या सोमवारी मोठा पोळा, खऱ्या बैलांचा. मंगळवारी तान्हा पोळा, पोरांच्या बैलांचा. पोरं आपापले बैल ताटात घेऊन घरोघर जातात, बाया बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे खाऊ किंवा नाणं. शहरात लोक लाकडाचे बैल विकत आणतात. दाभडखेडात कस्तुराबाई असल्यामुळे मातीचे होतात. माती उन्हाळ्यातच नाल्याकाठून आणून ठेवलेली होती, बैल गेल्या सोमवारी घडवले होते आणि गुरुवारपर्यंत वाळून रंगवायचे होते.

पण हवेतच एवढं पाणी होतं की माती वाळायच्या ऐवजी ओली होत गेली. निकिताच्या सगळ्यात आधी लक्षात आलं. निकिता तिसरीत आहे आणि जगदेवभाऊंची नात आहे. आवाज आजोबांचा घेतलेला असल्यामुळे तिचं बोलणं पत्र्याखालीही ऐकू येतं.

"मावशी, माहा बैल बसला!"

कस्तुराबाईनं पाहिलं. बैलाचे चारही पाय पोटाखाली विरघळले होते आणि तो ताटात मुकाट बसला होता. शेजारच्या पोराचा बैल पुढच्या पायांवर वाकला होता, मान टाकून. बघता बघता रांगेतले एकोणीसच्या एकोणीस बैल एकेक करून खाली बसले. पोरं हसायला लागली.

कस्तुराबाई हसली नाही. पोळ्याच्या आठवड्यात गोठ्यातला एक बैल बसला तरी घरातला माणूस जेवत नाही. इथं एकोणीस बसले होते.

तिनं बैल बाजूला ठेवायची खूण केली आणि दोन तळवे जोडून पुढे सरकवले. होड्या.

साडेदहाच्या सुमाराला होड्या तयार झाल्या. पोरांना बाहेर सोडायचं नव्हतं, म्हणून मागच्या खिडकीतून एकेक होडी सोडली. नाली खिडकीखालूनच जाते. होड्या डुलत डुलत निघाल्या, कोपऱ्यावरच्या बोरीपाशी वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्याही ऐकू आल्या नाहीत.

आणि मग एकदम ऐकू आल्या.

पाऊस थांबला होता. असा थांबला की कोणीतरी नळ बंद करावा. तीन दिवस डोक्यावर बडवत असलेला पत्रा गप्प झाला आणि त्या शांततेत पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कौतुक म्हणून की काय, ढगातून थोडं पिवळट ऊनही पडलं. पोरांना आनंद झाला. कस्तुराबाईला मात्र नाल्याचा आवाज आता पहिल्यांदा नीट ऐकू येत होता. तो आवाज जवळ आलेला होता.

"मावशी," निकिता खिडकीतून म्हणाली, "माही होडी वापस आली."

"कोनाची?"

"माहीच. नाव लिहेल हाय, पाय ना. निकिता, तिसरी."

कस्तुराबाईनं वाकून पाहिलं. होडी बोरीच्या कोपऱ्यावरून परत वळली होती आणि सावकाश, कोणतीही घाई नसल्यासारखी, खिडकीकडे येत होती. वारा असेल, तिला वाटलं. पण बोरीचं पान हलत नव्हतं. निकिताच्या होडीमागे दुसरी आली. मग तिसरी. घंटा झाल्यावर पोरं वर्गात येतात तशा सगळ्या होड्या एकेक करून आल्या आणि खिडकीखाली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

कस्तुराबाई कोठीत गेली आणि मूठभर हळद घेऊन आली. येता येता तिनं मागच्या दाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याच्या काठाला, खडूनं रेघ मारली. मग हळद नालीत टाकली. पिवळा पट्टा क्षणभर जागेवर थांबला. मग लांबला, आणि नाल्याकडे न जाता शाळेकडे सरकला. ती पायरीपाशी परत आली तेव्हा खडूची रेघ पाण्याखाली गेलेली होती.

मंगळवारी नाल्याकाठची मोठी बाभूळ मुळासकट वाहून जाताना तिनं डोळ्यांनी पाहिली होती. आता तिला ती बाभूळ कुठे असेल ते दिसलं. रपट्याच्या दोन पाइपांच्या तोंडाशी आडवी. तिच्यात अडकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, प्लास्टिकच्या पन्न्या, कोणाचं तरी मोडकं कुंपण. आणि वरच्या अंगाला पाझर तलाव, त्याचा सांडवा कालपासून भरभरून वाहत असलेला. पाऊस थांबला तरी तलावाला कोणी तसं कळवलेलं नव्हतं.

तिनं सरांना फोन लावला. लागला नाही. मग जगदेवभाऊंना लावला.

"भाऊ, शाळेमागच्या नालीचं पानी उलटं येऊन राह्यलं."

"मंग?"

"मंग काय मंग? पोट्ट्याईले वर तांड्यावर नेतो मी."

"कस्तुराबाई, पाऊस थांबला. बाहेर पाय बरं, आभाय फाकून राह्यलं. आन तुले आता पूर दिसून राह्यला?" मागे पारावर चारपाच जण बसलेले असणार, कारण भाऊंचा आवाज एकदम पारासाठी झाला. "काहून वो, बिबट्या का होडीत बसून आला?"

पार हसला. कस्तुराबाईनं फोन बंद केला. तिचे कान गरम झाले होते.

ती दारात उभी राहिली. पोरं काढली आणि पाणी आलं नाही, तर या गावात तिला उरलेलं आयुष्य काढायचं होतं. बिबट्या एकदा सहन होतो. बिबट्या आणि पूर अशी जोडी झाली की मेल्यावरही लोक तिरडीमागे हसत चालतील. सरांनी बजावलंय, बाहेर सोडू नका. अध्यक्ष म्हणतात, पाऊस थांबला. आणि तिच्या बाजूनं बोलणारं कोण, तर प्रश्नपत्रिकांच्या एकोणीस होड्या.

दुसरी पायरी पाण्याखाली गेली. एकूण पायऱ्या तीन.

"मावशी," निकितानं विचारलं, यावेळी हळू, "शाळेत पानी येईन काय?"

बोंब मारली तर पोरं चारी दिशांना पळतील, हे कस्तुराबाईला ठाऊक होतं. निम्मी नाल्याकडेच पळतील, बघायला. तिनं वर्गाकडे तोंड केलं, कपाळाला दोन बोटं लावली आणि मोठ्यानं म्हणाली, "चला, घ्या रे आपापले बैल. तान्हा पोळा काढू."

"तान्हा पोळा मंगळवारी हाय ना," चौथीतलं एक पोरगं म्हणालं.

"यंदा लवकर आला."

एवढं कारण पोरांना पुरलं. बोजारा पाच दिवस आधी मिळणार असेल तर कोणतं पोर पंचांग बघत बसतं? एकोणीस ताटं उचलली गेली, प्रत्येकात एक बसलेला बैल. दप्तरं राहू द्या, असं तिनं खुणेनंच सांगितलं. पुढच्या दारानं बाहेर पडताना तिनं प्रत्येक डोक्याला हात लावला. एकोणीस. शेवटचं पोर पायरी उतरलं तेव्हा त्याच्या घोट्याला पाणी लागलं आणि ते खुशीत हसलं.

मिरवणूक गावातून निघाली. बाया दारात आल्या. आधी त्यांना काही समजेना, मग समजलं आणि तोंडाला पदर गेले.

"वो मावशी, हे काय? मोठ्या पोळ्याच्या आंधी लहान पोळा? लेकरू बापाच्या आंधी नवरदेव झालं मंग!"

"आन बैल पाय, सारे बसेल हायेत!"

एका ओट्यावरची म्हातारी मात्र हसली नाही. तिनं ताटांकडे पाहिलं, एकेक बैल नजरेनं मोजत गेली आणि पदर सावरून उठून घरात गेली. जाताना म्हणाली, "इपरीत हाय हे. गावावर काई तरी येते."

कस्तुराबाईला ओरडून सांगावंसं वाटलं की येते नाही, आलंच आहे. पण पोरं रांगेत होती आणि रांग मोडायची नव्हती. तिनं फक्त पावलं वाढवली.

तांडा गावाच्या वर, मुरमाच्या टेकाडावर आहे. पहिलंच घर सोनीबाईचं. सोनीबाई आणि कस्तुराबाई यांचं एका पाट्यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. पाटा कोणाचा, हा प्रश्न वेगळा. सोनीबाईनं ओसरीवरून रांग येताना पाहिली, कस्तुराबाईचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दार सताड उघडलं.

"बैल बसेल काहून हायेत?" तिनं कुंकवाची डबी काढता काढता एवढंच विचारलं.

"दमले," कस्तुराबाई म्हणाली.

सोनीबाईनं एकोणीस बसलेल्या बैलांना ओवाळलं आणि हातावर शेंगदाणे नि गूळ ठेवला. पोरं ओसरीवर पसरून खायला लागली. ऊन अजून होतं. खालून काहीच आवाज नव्हता. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. कस्तुराबाईला वाटायला लागलं की पायरीवरची रेघ आपण चुकीच्या जागी मारली. मग तिला पारावरचं हसणं ऐकू यायला लागलं, खरं नसलेलं.

तेवढ्यात खाली शाळेची घंटा वाजली.

शाळेची घंटा म्हणजे ओसरीला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर मारायचा लोखंडी गज. तीन ठोके म्हणजे शाळा भरली. खालून सावकाश, दणदणीत, संतापलेले तीन ठोके आले. असे ठोके मारणारा हात गावात एकच होता.

एकोणीस पोरं गूळ तोंडात घेऊन उठून उभी राहिली. पहिलीपासून कस्तुराबाईनंच त्यांना लावलेली सवय ती. घंटा झाली की उठायचं आणि शाळेकडे चालायला लागायचं. दोन लहानगी तर ओसरीची पायरी उतरलीसुद्धा.

कस्तुराबाई रस्त्यात आडवी झाली आणि तिनं दोन्ही हात खाली दाबले. बसा.

पोरं बसली. पुन्हा तीन ठोके आले. पोरं चुळबुळली. तिचे हात तसेच खाली दाबलेले. तिनं ते आणखी जोरात दाबले.

"आबा घंटा कायले वाजवून राह्यले?" निकितानं विचारलं.

"शाळा भरली मनून."

मग घंटा बदलली. ठोके एकामागून एक, न थांबता, वेडेवाकडे पडायला लागले. पोरांचे चेहरे उजळले. असे ठोके शाळा सुटताना पडतात.

"आता सुटली!" चौथीतलं पोरगं ओरडलं.

कस्तुराबाईनं हात हलवले नाहीत. ठोके वाढत गेले, वाढत गेले, आणि मग एक अर्धवट ठोका पडला, गज हातातून निसटल्यासारखा. त्यानंतर ट्रॉलीभर खडी ओतावी तसा आवाज आला. तो बराच वेळ चालला. मग काहीच नाही.

सोनीबाईनं निकिताकडे पाहिलं आणि मग कस्तुराबाईकडे. तिनं तांड्यातल्या गोविंदसिंगाला हाक मारली आणि त्याला दोर घ्यायला सांगितलं.

कस्तुराबाईनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. निकिता तिच्या गुडघ्याला खेटून बसली होती. "तुह्या बैलाचं शिंग पडलं," कस्तुराबाई तिला म्हणाली. "ते लाव बरं नीट." निकिता शिंग लावायला लागली. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला.

"भाऊ, कुठं हा तुमी?"

पलीकडे पाण्याचा आवाज.

"पत्र्यावर."

"कोन्या पत्र्यावर?"

"शाळेच्या. अजून कोन्या?" आणि मग, त्या माणसाच्या तोंडून गावानं कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात, "निकिता?"

"हाय. माह्याजवळ हाय. एकोणीसबी हायेत."

पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की कशाचा, ते कळलं नाही.

"कस्तुराबाई, पानी खिडकीतून आत गेलं. तुही खोली पडली, खिचडीची."

"पडू द्या. तुमी हलू नका."

"हलून कुठं जाऊ? आन वो... माह्याआंधी एक साप येऊन बसेल हाय इथं."

"कोनता?"

"इचारलं नाई. तो त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात."

चार तास ते दोघं तसेच बसून होते. दुपारनंतर रपटाच बाभळीसकट वाहून गेला, तेव्हा पाणी उतरायला लागलं आणि गोविंदसिंगानं दोर टाकून भाऊंना काढलं. साप आपला आपण गेला.

दोन दिवसांनी चिखल उपसल्यावर वर्गाच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसली, तपकिरी, फूटपट्टीनं आखावी तशी सरळ. पोरांना काय, खेळच. एकेक जण भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एकोणिसांपैकी चौथीतल्या दोघांचे डोळे रेघेच्या वर आले. बाकी सतरा जणांच्या डोक्यावर भिंत उरली होती, आणि तिच्यावर रेघ. उदयसिंग सर हे बघत होते. ते बाहेर गेले, बोरीपाशी पाठमोरे उभे राहिले आणि पाढे सुरू करायला आत आले नाहीत. त्या दिवशी पाढे झालेच नाहीत.

वरून विचारणा आली की शाळेच्या वेळेत विद्यार्थी कोणाच्या आदेशानं आवाराबाहेर नेले. सरांनी लिहून दिलं, 'कार्यानुभव.'

सोमवारी मोठा पोळा झाला. मंगळवारी गावानं तान्हा पोळा पुन्हा काढायला लावला, नाही तर अपशकुन राहील म्हणून. पोरांना दोनदा बोजारा मिळाला. कस्तुराबाईचं नाव बदललं नाही. बसलेलं नाव उठवायचा गावाला कंटाळा. शाळाही बदलली नाही, आणि वाहून गेलेल्या रपट्याच्या जागी पुन्हा तसेच दोन पाइप पडले. नव्या जागेचा प्रस्ताव आहे, असं सर सांगतात. खिचडी आता ओसरीवर शिजते. पारावर पत्र्यावरच्या सापाचा विषय निघाला की जगदेवभाऊ उठून बकरी बघायला जातात.

पोळ्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा झड लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा असा बडवत होता की चुलीवरच्या पातेल्याचं झाकण पडलेलं कस्तुराबाईला दिसलं, ऐकू आलं नाही. आता होड्या खेळाच्या शेवटी सोडत नाहीत. पोरं आली की पहिलं काम तेच. निकिताची होडी तयार होती. कस्तुराबाईनं ती खिडकीतून सोडली आणि वाकून बघत राहिली.

शेजारी कोणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले, मिशीतून पाणी गळत असलेले जगदेवभाऊ. त्यांनी काही विचारलं, ओठ हलले, पण पत्र्याखाली भाऊंचा आवाजसुद्धा पोचला नाही. मग तेही खिडकीतून वाकले.

होडी बोरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिथं ती थांबली. पुढे जाईना, मागे येईना. सावकाश जागच्या जागी गोल फिरायला लागली, एकदा, दोनदा, 'निकिता, तिसरी' ही अक्षरं दिसत, लपत.

दोघं बघत राहिले. तिसऱ्या फेऱ्याला होडीचं तोंड शाळेकडे झालं आणि तसंच राहिलं.

जगदेवभाऊ सरळ झाले. त्यांनी कस्तुराबाईकडे पाहिलं, ओला हात वर नेला आणि कपाळाला दोन बोटं लावली.

तिनं मान हलवली. भाऊ फळीवरची ताटं उतरवायला लागले.